एकही सापडला नाही, म्हणजे शून्य का?

रक्ताच्या कर्करोगासाठी मूळपेशींचे प्रत्यारोपण केले आणि एचआयव्हीही गेला, अशी बातमी २००८ मध्ये बर्लिनहून, २०१९ मध्ये लंडनहून, २०२३ मध्ये ड्युसेलडॉर्फहून आली. दात्याच्या जनुकाची ही किमया. मग आपल्याकडे प्रश्न येतोच : असे जनुक भारतीयांत किती?

एचआयव्ही पांढऱ्या पेशीत शिरतो तो बहुधा ‘सीसीआर-५’ या दारातून. त्या जनुकातील ३२ अक्षरे गळाली, की पेशीवर ते दार बसतच नाही. मोठे संरक्षण मात्र हा बदल आई आणि वडील दोघांकडूनही आला असेल तरच. उत्तर युरोपात अशी माणसे १०० मध्ये साधारण एक. भारतात हा बदल अत्यंत दुर्मीळ.

दुर्मीळ म्हणजे किती, इथे गफलत होते. पीसीआर तपासणी सोपी आहे, अवघड आहे ती मोजणी. ३०० जण तपासून एकही वाहक सापडला नाही, तरी खरे प्रमाण एक टक्क्यापर्यंत असू शकते. शिवाय ते ३०० कोण? जातीतच लग्ने होणाऱ्या देशात एका शहरातील रक्तदाते म्हणजे अख्खे राज्य नव्हे. आणि वाहक एक टक्का धरले, तरी दुहेरी बदलाचा माणूस साधारण ४०,००० मध्ये एक!

तेव्हा कुतूहलापोटी जनुक तपासून घेणे व्यर्थ. दुहेरी बदल असूनही ‘सीएक्ससीआर-४’ या दुसऱ्या दारातून लागण झालेले रुग्ण आहेत. एचआयव्हीची तपासणी मात्र सरकारी आयसीटीसी केंद्रात मोफत होते.