पाळण्यातले नाव, नावातली प्रार्थना

आज गोकुळाष्टमी. मध्यरात्री घरोघरी बाळकृष्णाचा पाळणा हलेल, सुंठवडा वाटला जाईल आणि भगवन्नामाचा गजर होईल. कंसाच्या भयामुळे गाजावाजा न करता गर्गमुनींनी नंदाच्या गोठ्यात या बाळाचे नामकरण केले, अशी कथा भागवताच्या दशम स्कंधात आहे. नाव ही केवळ हाक नव्हे, तो एक संस्कार आहे, ही आपली परंपरागत श्रद्धा. अशीच श्रद्धा बाळगणाऱ्या दुसऱ्या एका प्राचीन समाजाच्या नावांविषयी आजच्या मंगल दिनी चार शब्द लिहिणे अप्रस्तुत होणार नाही, असे आम्हांस वाटते.

हा समाज यहुद्यांचा. हिब्रू ही त्यांची धर्मभाषा. त्यांच्या धर्मग्रंथातही राजाज्ञेमुळे जिवावर बेतलेल्या एका बालकाची कथा आहे. हिब्रू लोकांचे नवजात मुलगे नदीत टाकावेत, अशी आज्ञा मिसरच्या राजाने दिली. एका मातेने आपले तान्हे बाळ लव्हाळ्याच्या पेटाऱ्यात घालून नाईल नदीच्या काठी ठेवले. राजकन्येने ते उचलले आणि पाण्यातून काढलेला म्हणून त्याचे नाव मोशे ठेवले. वसुदेवाच्या मस्तकावरून यमुनापार गेलेले बाळ ज्यांच्या डोळ्यांपुढे आहे, त्यांना ही कथा परकी वाटू नये. भाषापंडितांना मात्र या नावात ‘पुत्र’ किंवा ‘जन्मलेला’ या अर्थाचा मिसरी शब्द दिसतो. थुतमोस, रामसेस या मिसरी राजांच्या नावांतही तोच आहे. यात गोंधळून जाण्याचे कारण नाही. आपल्या यास्काचार्यांनीही निरुक्तात एकेका शब्दाच्या अनेक व्युत्पत्ती सांगितल्या आहेत. शब्दाचे मूळ शोधणे वेगळे आणि त्यात श्रद्धेने पाहिलेला अर्थ वेगळा.

हिब्रू नावांचे वैशिष्ट्य असे की, त्यांतील कित्येक नावे म्हणजे पूर्ण वाक्येच आहेत. ‘एल’ म्हणजे देव. दानिएल म्हणजे ‘देव माझा न्यायाधीश’. इश्माएल म्हणजे ‘देव ऐकतो’. मीखाएल हा तर प्रश्नच आहे: ‘देवासारखा कोण?’ नथनेल म्हणजे ‘देवाने दिले’, अर्थात आपला देवदत्तच. ‘याह’ हे त्यांच्या परमेश्वराच्या चार अक्षरी नामाचे संक्षिप्त रूप. एलिया म्हणजे ‘याह माझा देव’. ते चार अक्षरी नाम इतके पवित्र की, श्रद्धाळू यहुदी त्याचा उच्चार करीत नाहीत. पठणात त्याऐवजी ‘अदोनाय’, म्हणजे ‘माझा प्रभू’, असे म्हणतात. परंतु जे नाम पूर्ण उच्चारण्यास जीभ धजत नाही, त्याचाच अंश लेकराला मारलेल्या हाकेत दिवसातून दहा वेळा ओठांवर येतो. मुलाला ‘नारायण’ म्हणून हाक मारता मारता अजामिळ तरून गेला, ही कथा ऐकत वाढलेल्या आपणांस यातले मर्म उलगडून सांगावयास नको.

घरातली सुखदुःखेही या नावांत साठविलेली आहेत. अब्राहाम आणि सारा यांना उतारवयात पुत्र झाला. आधी हे भाकीत ऐकून म्हातारी सारा हसली होती. म्हणून मुलाचे नाव इसहाक, म्हणजे ‘तो हसतो’. राहेलीने प्रसूतिवेदनांत प्राण सोडताना बाळाला ‘बेनओनी’, म्हणजे ‘माझ्या दुःखाचा पुत्र’, असे नाव दिले. पित्याने, याकोबाने, ते बदलून बेन्यामीन, ‘उजव्या हाताचा पुत्र’, असे ठेवले. पत्नीचा शोक त्यालाही झाला असेलच. परंतु तो शोक त्याने लेकराच्या गळ्यात जन्मभर अडकविला नाही. आम्हांस या कथेत पितृधर्माचा मोठा धडा दिसतो.

ही नावे आपल्या अंगणातही नांदली आहेत. कोकणातील बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. दिवेकर, पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावे. ‘देव बळ देवो’ अशा अर्थाचे यहेज्केल हे नाव त्यांच्यात हसाजी झाले, शमुएलचे समाजी झाले आणि इसहाकाचे इसाजी. १७९६ साली मुंबईत सिनेगॉग उभारणारे शमुएल यहेज्केल दिवेकर हे समाजी हसाजी दिवेकर म्हणूनच ओळखले जात. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यानंतरच्या काळात या समाजातील बहुसंख्य लोक तिकडे गेले. नावांचा पोशाख मराठी झाला, तरी आतली प्रार्थना त्यांनी पिढ्यान् पिढ्या जपली.

आपल्याकडे मात्र अलीकडे नाव कानाला गोड लागले, शेजारीपाजारी कुणाचे नसले, की पसंत पडते. अर्थ विचारला तर आईवडील एकमेकांकडे पाहतात. नव्या नावांना आमचा विरोध नाही. आजोबांचेच नाव ठेवा, असाही आमचा आग्रह नाही. परंतु जे नाव मुलाला जन्मभर वागवावयाचे, ते अर्थावाचून देणे म्हणजे देवापुढे रिकामे तबक ठेवणे होय. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. तिने त्यानंतर जमलेल्या मंडळींना त्या नावाचा अर्थही सांगावा, आणि मूल मोठे झाल्यावर आईने तो त्याला पुन्हा समजावून द्यावा, एवढीच आमची विनंती आहे.

आज पाळण्याची दोरी हाती घेताना आपल्या घरातील प्रत्येक नावाचा अर्थ एकदा आठवून पाहावा. ज्याच्या त्याच्या नावात त्याच्यासाठी कोणीतरी केलेली प्रार्थना सापडेल.