डाख आणि बेसुगे

दिवाळीच्या सुटीत माळव्यातल्या नालछ्याला मेहुण्यांकडे गेलो होतो. धारहून मांडूला जाताना लागणारे हे गाव. गावात रेल्वे नाही; पण भाच्याच्या टेबलावर पितळेचे छोटे इंजिन आकार घेत होते. अडचण एकच. सोल्डरिंग आयर्नने पायरी डाखली की शेजारचा कठडा सुटायचा!

यावर उपाय रेझिस्टन्स सोल्डरिंगचा. मोजक्या व्होल्टचा, पण भरपूर अँपिअरचा प्रवाह कार्बनच्या टोकातून जातो. उष्णता सांध्यापाशीच निर्माण होते, शेजारचा डाख सहसा वितळत नाही. तयार संच महाग, म्हणून भाचा जुना मायक्रोवेव्ह ओव्हन उघडायला बसला होता.

"आतोबा, ट्रान्सफॉर्मर यातला, कार्बनची कांडी जुन्या सेलमधली!"

कांडी चालेल, मी म्हणालो. पण त्या ओव्हनचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीव घेऊ शकतो. पोराचा चेहरा पडला. शेवटी ठरले : फ्यूज आणि अर्थिंग असलेला ट्रान्सफॉर्मर विकतचा, मूठ आणि चिमटा घरचा. निम्मे पैसे माझे.

डाखाला आपल्याकडे कन्नडमध्ये बेसुगे म्हणतात. नाती जुळण्यालाही तोच शब्द. नुसते 'नको' म्हणून उठलो असतो, तर तीच सुटली असती.