कपाटातल्या एकतीस टायांचं काय करायचं?



आमचे हे बँकेतून निवृत्त झाले आणि पहिल्याच रविवारी टायांचा हँगर काढून माझ्यापुढे पलंगावर ठेवला. "घे, कर काय करायचं ते." मोजले तर एकतीस निघाले. काही मी घेतलेले, काही लग्नाकार्यात आहेर म्हणून आलेले, काहींची तर घडीही मोडलेली नाही. शेवटची काही वर्षं बँकेतसुद्धा मोठे साहेब येणार असले तरच टाय लागायचा.

टाय आता सगळीकडेच उतरतोय. जपानच्या सरकारने २००५ साली मोहीमच काढली, की उन्हाळ्यात ऑफिसातला एसी २८ अंशांवर ठेवा आणि कोट-टाय काढून या. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांत २००७ पासून डॉक्टरांना रुग्ण तपासताना टाय नको म्हणून सांगतात, कारण तो क्वचितच धुतला जातो आणि एका रुग्णावरून दुसऱ्यावर लोंबतो. आपल्याकडे मात्र पहिलीतल्या पोराच्या गळ्यात मार्चच्या उन्हात इलॅस्टिकचा टाय असतोच. असो, तो विषय वेगळा.

टायांपासून काय काय होतं ते शोधायला बसले तर पडद्याचे पट्टे, पर्सचे बंद, कमरेचा पट्टा, उशीचे अभ्रे, कायकाय सापडलं. परदेशात तर रेशमी टाय अंड्याला गुंडाळून उकळतात म्हणे, रंग अंड्यावर उतरतो. तिथे मी फोन बाजूला ठेवला आणि ठरवलं, आपण आपली वाकळच शिवावी.

टाय उसवायला घेतला की कळतं, त्यात किती डोकं आहे. मागची शिवण एका सैल दोऱ्याने हाताने घातलेली असते. तो दोरा ओढला की सगळा टाय उघडतो. आत जाड अस्तर निघतं. आणि कापड सरळ नाही, तिरपं कापलेलं. ही तऱ्हा १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ यांनी काढली, तीन तिरपे तुकडे जोडायची. म्हणून गाठ सुटल्यावर टाय पुन्हा सरळ होतो. आपल्याला याचा फायदा असा, की वाकळीच्या गोल कोपऱ्यांना गोट लावायला असं तिरपं कापड फार छान वळतं. तोटा असा, की ते ताणतं. म्हणून तुकडे आधी जुन्या सुती कापडावर टाचून घ्या, मग जोडा. आणि धुवायचे असतील तर उसवून, वेगवेगळे, गार पाण्यात. रंग जातो.

उसवतानाच खरा प्रश्न समोर आला. अरुंद टोकाच्या मागे चिठ्ठी असते. अकरा टायांवर लिहिलं होतं, शुद्ध रेशीम. दोनांची चिठ्ठी गेली होती, तेव्हा एकेक धागा चिमट्यात धरून जाळून पाहिला. रेशीम केस जळल्यासारखं वासतं आणि राख बोटाने चुरते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. दोन्ही रेशमीच निघाले. म्हणजे तेरा.

कोशातून पतंग बाहेर पडला तर कोश भोक पडून फुटतो आणि शेकडो मीटरचा अखंड धागा तुटतो. म्हणून त्याआधीच आतला जीव वाफेने किंवा गरम हवेने मारतात, मग कोश गरम पाण्यात घालून धागा उकलतात. एका टायला असे सुमारे ११० कोश लागतात असा हिशेब सांगितला जातो. तेरा टायांचा हिशेब तुम्हीच करा. मी केला आणि त्या दिवशी शिवायला बसले नाही.

धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "वहिनी, जीव तर कधीच गेले. आता वापरलं काय आणि टाकलं काय." खरं आहे. टाकून तर काहीच मिळत नाही. स्वाध्यायातल्या एकीने सुचवलं, ग्रंथांच्या वेष्टनांना बांधायला फिती कर, सुंदर दिसतील. ते मला अजिबात पटलं नाही. जिनवाणीला ते रेशीम कसं गुंडाळायचं? पूजेला रेशमी सोवळं नेसणारी घरं आपल्यात पुष्कळ आहेत, हे मला माहीत आहे. मीही नेसत होते. कुणाला बोलत नाही, मी सोडलं एवढंच.

माझं मत ठरलं ते पुढच्या आठवड्यात. मधल्या भागात चार रेशमी तुकडे लावून झाले होते. शेजारच्या सूनबाई आल्या, हात फिरवला आणि म्हणाल्या, "काकू, काय चमक आहे! मी पण करते. असे टाय नवे कुठे मिळतील?" मी गप्पच झाले. आपण पाठशाळेत शिकलो ना, कृत, कारित, अनुमोदना. जुनं वापरण्यात नवी हिंसा नाही म्हणून मी निश्चिंत होते, आणि माझ्या वाकळीने पुढच्या शंभर कोशांची मागणी तयार केली होती.

चारही तुकडे उसवले. आता वर फक्त पॉलिएस्टरचे टाय आहेत, अठरा, आणि रेशीम आतल्या थरात घातलंय, जुन्या लुगड्यांच्या मध्ये. ऊब तीच मिळते. दिसत नाही, कुणी वाखाणत नाही, कुणाला हवंसं वाटत नाही. तुमच्या कपाटात असेल तर माझं हेच सांगणं आहे. टाकू नका, मिरवूही नका, आणि नवं घेऊ नका.

एक टाय मात्र राहिलाय. गडद निळा, बारीक ठिपक्यांचा. हे मॅनेजर झाले तेव्हा माझ्या अप्पांनी मुंबईहून आणला होता. अप्पा चामड्याची चप्पल घालत नसत, सूर्यास्तानंतर पाणी घेत नसत. दुकानदाराने उंची म्हणून दाखवला असेल, त्यांनी चिठ्ठी वाचली नसेल. वाचली असती तर घेतला नसता, एवढं मी त्यांना ओळखते. तेरातला तो तेरावा. काल ह्यांनी विचारलं, "हाही उसवणार?" मी म्हटलं, आधी बारा होऊ देत.