अभ्यंगापूर्वी पोटरीची सोनोग्राफी

गुडघेदुखीचा रुग्ण आला की तैल, पोट्टली आणि गुग्गुळकल्प हा क्रम आपल्या हातात इतका मुरला आहे की मध्येच थांबणे जड जाते. तथापि एकाच पायाच्या पोटरीला सूज, ठणका व उष्णता असेल, तर तेथे थांबलेच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. गुडघ्यामागील बेकर्स सिस्ट फुटून द्रव पोटरीत उतरला तरी हीच लक्षणे दिसतात आणि खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी हीच. पहिल्या अवस्थेत मर्दनाने बहुधा वेदनाच वाढेल. दुसऱ्या अवस्थेत गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते व प्राणावर बेतू शकते. दर्शन, स्पर्शन व प्रश्न यांनी हा भेद दर वेळी उलगडत नाही, हे मान्य करण्यात आपल्या शास्त्राला कसलाही उणेपणा येत नाही. शिरांची डॉप्लर व गुडघ्यामागची सोनोग्राफी तो बहुधा त्याच दिवशी उलगडते.

अवबाहुकाचेही तसेच. रुग्णाला स्वतः हात उचलवत नाही, पण आपण उचलला तर वर जातो, अशा वेळी कंडरा फाटल्याची शंका घ्यावी. सोनोग्राफीत खांदा हलवून ती प्रत्यक्ष पाहता येते. पूर्ण तुटलेल्या कंडरेवर किती महिने नस्य आणि तैल चालवायचे, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

ध्वनिलहरी अस्थीपलीकडे जात नाहीत. गुडघ्याच्या आतील बिघाडासाठी एमआरआयच लागतो. शिवाय सारे काही पाहणाऱ्याच्या हातावर अवलंबून. म्हणून चिठ्ठीवर नुसते ‘गुडघा’ न लिहिता आपली शंका लिहावी. (आपल्या चिठ्ठ्यांवरील अक्षराविषयी न बोललेलेच बरे!)

काही सहकारी स्वतःच यंत्र घेण्याची भाषा करतात. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यानुसार केंद्राची नोंदणी व चालविणाऱ्याची विहित अर्हता आवश्यक आहे. ‘आम्ही सांधेच पाहतो’ हे उत्तर तेथे चालत नाही. रुग्ण पाठवावा, अहवाल वाचावयास शिकावे.

औषधालयाच्या मालकांनाही आमची विनंती आहे. एका पायाच्या सुजेसाठी कोणी महानारायण तैल मागितले, तर बाटली देण्याआधी त्याला वैद्याकडे पाठवावे. त्याला धाप लागत असेल, तर वैद्याकडेही नको, थेट रुग्णालयात.