पिसवेची तसबीर



परवा एका वाचनालयात थोरामोठ्यांच्या तसबिरींच्या रांगेत आम्हाला फ्रेममध्ये बसवलेली पिसू दिसली. हसूच आले. जवळ जाऊन पाहिले, तर लंडनच्या रॉबर्ट हूक यांच्या १६६५ सालच्या पुस्तकातील चित्राची ती प्रत. सूक्ष्मदर्शकातून पाहून काढलेले ते मूळ चित्र सुमारे दीड फुटाचे, घडी घालून पुस्तकात बसवलेले. अंगावर चिलखतासारखे कवच, कवचावर काटे, उडीसाठी दुमडलेले पाय. एकेक केस मोजून घ्यावा!

त्याच साली लंडनमध्ये प्लेगने माणसे पटापट मरत होती. पिसवेवर मात्र कोणाचा संशय गेला नाही. उंदरावरच्या पिसवा प्लेग पसरवतात, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवले, ते थेट १८९८ साली. (हूक यांची पिसू माणसाच्या अंगावरची, उंदरावरची नव्हे.)

त्याच्या एकच वर्ष आधी, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीमाई प्लेगने गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर त्यांनी पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले होते. पोर वाचले.

माईंच्या तसबिरीशेजारी हे चित्र लावावे, असे आमच्या मनात आहे. घरच्यांनी अजून होकार दिलेला नाही.