तिजोरीची किल्ली कोणाच्या हाती?

परवा वस्तीतल्या अभ्यासिकेत दहावीच्या एका मुलाने आम्हाला विचारले, "काका, नासाचा साहेब शास्त्रज्ञ नाही, शेठ आहे म्हणे. हे कसे चालते?" प्रश्न मोलाचा वाटला, म्हणून या वेळी तोच घेतला आहे.

नासा ही अमेरिकेची सरकारी अंतराळ संस्था. तिचा वर्षाचा खर्च सुमारे २५ अब्ज डॉलर, आणि हा पैसा तिथल्या करदात्यांचा. १७ डिसेंबर २०२५ रोजी तिथल्या सिनेटने जेरेड आयझॅकमन यांना या संस्थेचे प्रमुख म्हणून ६७ विरुद्ध ३० मतांनी मान्यता दिली. हे गृहस्थ अब्जाधीश. वयाच्या सोळाव्या वर्षी आईवडिलांच्या घराच्या तळघरात त्यांनी धंदा सुरू केला. दुकानदारांना कार्डाने पैसे घेण्याची सोय पुरवणारी त्यांची कंपनी आहे. २०२१ आणि २०२४ साली ते स्वतः अंतराळात जाऊन आले. पहिल्या सफरीच्या निमित्ताने लहान मुलांच्या रुग्णालयासाठी त्यांनी मोठा निधीही उभा केला. तेव्हा माणूस कर्तबगार नाही, असे आम्ही म्हणणार नाही.

आमचा प्रश्न वेगळा आहे. दोन्ही वेळा ते गेले ते एलॉन मस्क यांच्या स्पेसएक्स कंपनीच्या यानातून, खासगीत पैसे मोजून. हीच कंपनी नासाची मोठी कंत्राटदार. चंद्रावर माणसे उतरवणाऱ्या यानासाठी नासाने २०२१ साली तिला २.८९ अब्ज डॉलरचे कंत्राट दिले. २०२३ साली जेफ बेझोस यांच्या ब्लू ओरिजिनलाही ३.४ अब्जांचे दिले. म्हणजे कालचे गिऱ्हाईक आज सरकारच्या वतीने त्याच दुकानदाराकडून हिशेब मागणार! एप्रिल २०२५ च्या सुनावणीत सिनेटर एड मार्की यांनी पुन्हा पुन्हा विचारले, ट्रम्पसाहेबांनी तुमची मुलाखत घेतली तेव्हा मस्क खोलीत होते काय? सरळ 'हो' किंवा 'नाही' मिळाले नाही.

आम्ही कचेरीत कारकुनी करतो. निविदा उघडताना अर्जदारांत साहेबाचा मेहुणा असेल, तर साहेबाने उठून बाहेर जावे, ही साधी रीत. मेहुणा चोर असतो म्हणून नव्हे, तर लोकांचा हिशेबावर विश्वास राहावा म्हणून.

मग श्रीमंताने असे पद घेऊच नये काय? तसेही नाही. आपल्या इस्रोचा पाया घालणारे विक्रम साराभाई अहमदाबादच्या गिरणीमालक घराण्यातले. पण ते शास्त्रज्ञ होते, आणि उपग्रहाचा खेड्यातल्या माणसाला काय उपयोग, हा त्यांचा ध्यास होता. त्यांच्या निधनानंतर १९७५-७६ साली सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम दूरदर्शन संचावर पोहोचले. उपग्रह नासाचाच होता. आणि प्रमुख शास्त्रज्ञच हवा, असेही नाही. माणूस चंद्रावर नेण्याच्या तयारीच्या काळात, १९६१ ते १९६८, नासा चालवणारे जेम्स वेब वकील होते, आणि त्याआधी सरकारी अंदाजपत्रकाचे संचालक होते.

तेव्हा पैसा हा गुन्हा नाही, आणि लायकीचा दाखलाही नाही. पाहायचे ते एवढेच: हा माणूस काल कोणाशी व्यवहार करीत होता? त्या माणसाचे काम समोर आले की तो टेबलावरून उठतो काय? आणि त्याची वही तपासणारा त्याचा मिंधा तर नाही ना?

आपल्याकडेही २०२० पासून अंतराळक्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले आहे. त्यांना परवानगी देणाऱ्या इन-स्पेस संस्थेचे पहिले अध्यक्ष पवन गोयंका हे मोटार उद्योगातून आलेले. म्हणून हे प्रश्न फक्त अमेरिकेचे नाहीत.

त्या मुलाला आम्ही सांगितले, "बाळा, शेठ आहे की शास्त्रज्ञ, हे नंतर बघ. आधी वही उघडी आहे का ते बघ." आपल्या पतपेढीचा खजिनदार निवडताना आपण हेच पाहतो. नसू पाहत, तर आजपासून पाहू या.