पद्मिनी भंगारात आणि भाऊंची जीप रस्त्यात!

मंडळी, पोस्ट जुन्या गाड्यांवर आहे. पण मुद्दा न्यायाचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आपल्या तालुक्यात कितीतरी घरांच्या मागे, गोठ्याच्या आडोशाला वडिलांची किंवा आजोबांची पद्मिनी नाहीतर जुनी जीप गंजत पडलीय. आता काही पोरं या गाड्या बाहेर काढतायत. सडलेला पत्रा कापून नवा वेल्डिंग करायचा, १०८९ सीसीचं इंजिन खोलायचं, कार्ब्युरेटर जुळवायचा. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेल्या या गाडीचे पार्ट आज कुर्ल्याच्याच भंगार बाजारात शोधावे लागतात. कॉम्प्युटर न लावता, नुसत्या आवाजावरून टायमिंग ओळखणारे आपले जुने मिस्त्री यात पुन्हा कामाला लागलेत. वाईट काय आहे यात?

आता नियम बघा. गाडीला १५ वर्षं झाली की दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. २०२२ पर्यंत कारला त्याची फी ६०० रुपये होती. एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या कारला थेट १०,००० केली. वर पर्यावरण कर आहेच.

मग म्हणाल, व्हिंटेज म्हणून नोंदवा. २०२१ चे नियम त्यासाठीच आहेत. पण अट आहे ५० वर्षांची! म्हणजे १९८५ ची पद्मिनी २०३५ मध्ये व्हिंटेज होणार. तोवर ती ना नवी, ना वारसा. नुसती भंगार. जर्मनीत ३० वर्षांच्या गाडीला ऐतिहासिक नंबर प्लेट मिळते, ब्रिटनमध्ये ४० वर्षांच्या गाडीला रोड टॅक्स माफ होतो. आपण ५० वर हट्ट धरून बसलोय. याचा फायदा कुणाला? ज्यांच्या बंगल्यात संस्थानिकांच्या काळातल्या परदेशी गाड्या आहेत त्यांना. मास्तरांच्या पद्मिनीला नाही.

कुणी म्हणेल, जुन्या गाड्या धूर ओकतात. बरोबर आहे. मग धूर मोजा ना! ब्रेक तपासा, दिवे तपासा, नापास झाली तर उभी करा. पण रविवारी देवदर्शनाला निघणारी एक पद्मिनी वर्षभरात चालते किती? वय बघून दंड लावणं म्हणजे आजार न तपासता म्हाताऱ्याला स्मशानात पाठवणं.

आता बदलांचं बघू. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. कायदा मान्य. पण मग तो सगळ्यांना लागू करा! रुंद टायर, काळ्या काचा, कानठळ्या बसवणारा हॉर्न लावलेली ‘भाऊं’ची जीप चौकातून जाते तेव्हा सलाम ठोकला जातो. आणि जुन्या ड्रमऐवजी डिस्क ब्रेक बसवू का, असं सरळ विचारायला गेलेल्या पोराला एजंटकडे बोट दाखवलं जातं. एक दहशतीसाठी बदल करतो, दुसरा सुरक्षेसाठी. दोघांना एकाच मापात मोजणं हाच अन्याय. इथे तर मापसुद्धा उलटं आहे.

मागण्या साध्या आहेत. ३० वर्षांवरच्या, मर्यादित वापराच्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग करा आणि फी परवडेल अशी ठेवा. सुरक्षेसाठी कोणते बदल चालतील याची मराठीत यादी लावा, आणि ते तपासून आरसीवर नोंदवा. आणि फटाके फोडणारे सायलेन्सर, काळ्या काचा यांच्यावर कारवाई करताना गाडीवरचा झेंडा बघू नका.

आमदार-खासदार साहेब, पुढच्या अधिवेशनात एवढा एक प्रश्न विचारा. भाऊंच्या जीपमधून उतरून विचारलात तरी चालेल.

ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे त्यांनी फोटो आणि साल कमेंटमध्ये टाका. किती आहोत ते तरी दिसू द्या.